उभ्याने जेवण्याची शपथ

तुमसर
४ मार्च १९८१

चंद्रकांता,

तुमच्या अंगणातल्या पंगतीतून मी अर्धं ताट टाकून उठलो, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधी मी कॉलेजात शिकणारा, तुझ्याशी लग्नाची बोलणी ठरलेला, तुझ्या बाबांच्या शेजारच्या पाटावर बसलेला घनश्याम होतो. फाटकापर्यंत पोचलो तोवर मी कोणीच नव्हतो. मागून तुझे बाबा म्हणाले ते अजून कानात आहे, "काहून जी जवाईबुवा, आमच्या वरणात मीठ कमी पडलं काय?" पंगत हसली. मी वळून पाहिलंच नाही.

थोरल्या माणसाने हात धुतल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही, हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला? शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी उठलो. का उठलो ते विचारू नको. पण तुझा, तुझ्या घराचा, तुझ्या आईच्या हातच्या वड्यांचा अपमान करायला उठलो नाही. एवढं तरी मान.

तुला मामाकडे एकोडीला धाडलं अन् तुझं कॉलेज बंद केलं, हे मला बसच्या कंडक्टरकडून कळलं. त्याच आठवड्यात मीही कॉलेज सोडलं. सर वर्गात म्हणाले, "बसा." मी म्हणालो, उभाच बरा आहे. ते म्हणाले, "राजे, सिंहासन मागवू का?" पोरं खिदळली. मी पुस्तक बाकावर आपटलं अन् जो निघालो तो निघालो. घरी बापाने विचारलं, त्याच्याशीही भांडलो. आता तुमसरला एका राइस मिलमध्ये धान तोलायच्या काट्यावर आहे. दिवसभर उभ्याचं काम. मला तेच पाहिजे होतं.

आठवतं, भंडाऱ्याच्या बसमध्ये तू शेजारची जागा धरून ठेवायचीस? म्हणायचीस, "बस ना, जागा आहे." मी म्हणायचो, लोक बोलतील. अन् दांडी धरून तुझ्याकडे पाहत उभा राहायचो, सगळा रस्ता. ते दिवस आठवले की काट्यावरचं पोतं दोनदा तोलतो अन् मालकाच्या शिव्या खातो.

एक ओळ तरी लिही. राग आला असेल तर रागाची लिही. अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्याने लिहितो आहे. खोलीत टेबल नाही.

घनश्याम


तुमसर
२६ मार्च १९८१

चंद्रकांता,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, थप्पड. बसमध्ये 'ए घनश्याम' म्हणणारी पोरगी आता 'तुम्ही' लिहिते. 'कारण सांगायचं नसेल तर धुरपता मामीच्या पत्त्यावर पुन्हा टपाल पाठवू नका. कॉलेज माझंही गेलं. निदान कशापायी गेलं ते तरी कळू द्या.'

वाचून डोकं फिरलं. तसंच फिरल्या डोक्याने उत्तर लिहिलं. ते ताराचंदने चुलीत घातलं. ताराचंद म्हणजे माझ्या खोलीतला जोडीदार, मिलमध्ये बॉयलरवर असतो. म्हणाला, "हे धाडशील तर तिच्या बापाच्या जागी तेच पोरगी काठी घेऊन येईन लेका. खरं असन ते लिही."

तर खरं लिहितो. दात आवळून लिहितो, कारण मध्ये थांबलो तर पुन्हा हिंमत होणार नाही.

मला मूळव्याध आहे. घे. लिहिलं.

म्हणजे मला तसं वाटतं. कोणाला दाखवलेली नाही. अशी जागा कोणाला दाखवतात? शौचाला बसलो की आतून काच ओढल्यासारखी कळ येते. ती कळ उठल्यावरही जात नाही, दुपारपर्यंत आग होत राहते. कधी रक्त पडतं, लालभडक. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण आता मरणार. मेलो नाही. मग वाटलं, हे कोणाला कळलं तर मरणं बरं.

सुरुवात कशी झाली तेही सांगतो. पहाटेची बस चुकू नये म्हणून मी तळ्याच्या पाळीवर शौचाला जायचंच टाळायचो. कॉलेजातला संडास तू बाहेरूनही पाहिला नसशील, बरं केलंस. तिथे जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायचो नाही. लागली तर दाबून धरायचो. डब्यात भात अन् मिरचीचा ठेचा. वर्षभर असं चाललं. मग जे खड्यासारखं व्हायला लागलं, त्याच्यासाठी जोर करत बसायचं, अन् बसलं की ती काच.

बसमध्ये मी लोकांना भिऊन उभा राहत नव्हतो. बसता येत नव्हतं. वर्गातही तेच. खोलीत टेबल आहे. ताराचंदचं आहे, चांगलं आहे, खुर्चीसकट.

आता ती पंगत. त्या आठवड्यात दुखणं फार वाढलं होतं, पण बोलणीच्या दिवशी मुलगाच नाही असं कसं चालेल? आईने नवा पांढरा पायजमा शिवला होता. तुमच्या अंगणात रांगोळी, पाट, पळसाच्या पत्रावळी. तुझे बाबा शेजारी, सारखे मांडी बदलत होते. मला वाटलं, माझा चेहरा पाहून चिडले आहेत. वांग्याची भाजी तिखटजाळ होती, ती तू केली होतीस असं वाढणारी म्हणाली, म्हणून दोनदा घेतली. मग मागे ओलं लागलं. हात नेऊन पाहिला तर बोटाला रक्त. अजून बसलो असतो तर उठताना पाट, पायजमा, सगळं साऱ्या पंगतीने पाहिलं असतं. मी खांद्यावरचा दुपट्टा कमरेला गुंडाळला अन् निघालो. तुमच्या गावात म्हणतात ना, की घनश्यामने भांडायला कंबर कसली? ती अशी कसली होती.

आता हसायचं तर हस. मामीलाही वाचून दाखव. मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं.

घनश्याम


तुमसर
१७ एप्रिल १९८१

चंद्रा,

तू हसली नाहीस. 'तू' लिहिलंस. मी ते पत्र खिशात घेऊन काम करतो अन् ते धानाच्या कोंड्याने पिवळं झालं आहे. 'आधी डॉक्टर, मग मी' असं लिहिलंस, ते वाचून ताराचंद म्हणाला, "पोरगी हिशेबाची आहे."

पण त्याच पत्रात तू जे बाबांचं लिहिलंस, त्याने माझी झोप उडाली. त्या दिवशी मी गेल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत शपथ घेतली म्हणे, की तो पोट्टा याच गावच्या पंगतीत बसून, ताट पुरं करून माफी मागत नाही, तोवर गोमाजी पाटावर बसणार नाही. अन् तेव्हापासून खांबाला टेकून उभ्याने जेवतात. गावात त्यांचा मान वाढला. लोक मुद्दाम पाहायला येतात. सुखराम पाटील म्हणाले, "माणूस असावा तर असा, बोलला की बोलला."

वाचून मला आधी लाज वाटली, मग राग आला. म्हटलं, किती हट्टी म्हातारा! मग पुन्हा लाज.

आता माझी करणी ऐक. तू डॉक्टर म्हटलंस, मी भंडाऱ्याला गेलो नाही. हिंमत झाली नाही. मोहाडीच्या बाजारात एक तंबू लागतो. बाहेर पाटी, 'मूळव्याध, भगंदर, कितीही जुनाट, बिना ऑपरेशन खात्रीने'. टेबलावर बाटल्या, त्यात पांढुरके गोळे. माणसांच्या अंगातून काढलेले मोड म्हणून दाखवतो. मला तर ते बकऱ्याच्या आतड्याचे तुकडे वाटले. शेजारी दोर अन् दावी विकणारा बसतो. मी त्याच्याकडे दावं पाहण्याचं नाटक करत तंबूकडे सरकत होतो, तर पलीकडून तसंच दावं पाहत एक माणूस सरकत आला. तुझे बाबा.

"तू इथी काय करून राहिला बे?"

"दावं घ्यायले आलो, मामाजी."

"मामाजी म्हणू नोको, मी तुहा सासरा नाही. अन् तुमच्या घरी बैल कुठी आहे दावं बांधाले?"

"घ्यायचा आहे. तुम्ही काय घेऊन राहिले?"

"मी बी दावंच."

"तुमच्या बैलाले काय झालं?"

"बैलाले काय होते? बैल बरा आहे. तुले काय कराचं आहे माह्या बैलाचं?"

दोरवाला वैतागला. म्हणाला, "तुम्ही दोघं बी घेत नसान तर बाजूले व्हा, गिऱ्हाईक येऊन राहिलं." एवढ्यात तंबूतून तो वैद्य डोकं बाहेर काढून म्हणाला, "या गोमाजीभाऊ, तुमची पुडी बांधून ठेवली. या खेपेस कडक दिली आहे."

चंद्रा, तुझ्या बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पंगतीत माझ्या तोंडावर जे आलं असेल, तेच त्यांच्या तोंडावर होतं. पुडी घेतली, माझ्याकडे न पाहता गाडीशी गेले. गाडी रिकामी होती, धानाचं मऊ तणस पसरलेलं होतं. त्यावर बसले नाहीत. पुढची दांडी धरून उभे राहिले अन् उभ्यानेच बैल हाकत गेले. मी पाहत राहिलो. धोतर कमरेवर राहत नव्हतं, इतके वाळले आहेत.

मी तंबूत गेलो खरा. त्याने निखाऱ्यात ठेवलेली सळई दाखवली, म्हणाला, "एकदा डागलं की विषय संपला." मी चपला तिथेच टाकून पळालो. ताराचंद म्हणतो, चपलेवरून सुटलास.

पण मला जे कळलं ते लिहितो, नीट वाच. ती शपथ नाही. म्हणजे शपथ घेतली, पण आधी दुखणं होतं. त्या दिवशी ते मांडी बदलत होते ते माझ्यावर चिडून नव्हे. तुझे बाबा पाटावर बसत नाहीत, कारण त्यांना बसता येत नाही. साऱ्या गावाने त्याची शपथ केली.

मी आता भंडाऱ्याला जातो. स्वतःसाठी नाही गेलो, त्यांच्यासाठी जातो. विचारून येतो.

तुझा
घनश्याम


तुमसर
२५ एप्रिल १९८१

चंद्रा,

गेलो. दाखवलं. जिवंत आहे.

सरकारी दवाखान्यात रांगेत उभा होतो. डॉक्टर पिकल्या मिशांचे आहेत. "काय होतं?" म्हणाले. मी म्हणालो, पोट दुखतं. "कुठे?" मी बेंबीवर हात ठेवला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "पोट दुखणारा माणूस बसतो. तू उभा आहेस. लाज बाहेर बाकावर ठेवून ये, जाताना घेऊन जा, कोणी चोरत नाही." मागची माणसं हसली, पण त्यातली दोघं काही हसली नाहीत. ती का उभी होती ते मला बरोबर कळलं.

पडद्यामागे कुशीवर निजवलं. पाहिलं, हळूच पाहिलं, बोटाला मलम लावून तपासलं. कळ आली, पण सळईच्या भीतीपुढे काहीच नाही. एवढ्यासाठी मी तुझं घर, तुझं कॉलेज, माझं कॉलेज गमावून बसलो होतो, असं वाटून तिथेच रडू आलं. त्यांना वाटलं दुखलं.

तर मला मूळव्याध आहेही अन् नाहीही. दुखते ती चीर आहे. कडक शौचाने कातडी फाटते, भरायच्या आत पुन्हा फाटते. आत एक लहान मोड आहे, तो मूळव्याधीचा. डॉक्टर म्हणाले, तो सहसा दुखत नाही, नुसतं रक्त देतो. लोक सगळ्यालाच मूळव्याध म्हणतात अन् तंबू गाठतात. डागून, जाळून आलेली माणसं त्यांच्याकडे नंतर येतात, त्यांची कथा डॉक्टरांनी सांगितली, ती तुला लिहीत नाही.

इलाज ऐकून मी चिडलो. म्हटलं, एवढंच? भरपूर पाणी पी. भाताबरोबर पालेभाजी खा, मिरची कमी कर. संध्याकाळी इसबगोल पाण्यातून घे, वर आणखी पाणी पी. लागली की जा, दाबून धरू नको. गेलास की जोर करत तिथे बसून राहू नको. झाल्यावर कोमट पाण्यात बस. मलम लाव. महिना-दीड महिना नेटाने कर, चीर भरून येते बहुतेकांची. नाही भरली तर परत ये, पुढचे उपाय आहेत. "अन् बरं वाटलं म्हणून आठवड्यात सोडू नको," म्हणाले, "तुझ्या तोंडावरून तू तसला दिसतोस."

आता खोलीत घमेलं आणलं आहे. रोज सकाळी त्यात कोमट पाणी घालून मी बसतो अन् ताराचंद बाहेरून ओरडतो, "म्हैस डोबीतून निघाली काय?" चिडतो मी, पण सोडत नाही. पालेभाजी मी स्वतः रांधतो. चुलीवरची मिरची हाताने बाजूला सारतो. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी तपश्चर्या नाही.

आता तुझ्या बाबांचं. मी डॉक्टरांना विचारलं, की एक माणूस आहे, पन्नाशी ओलांडलेला, बसत नाही, रक्त जातं, तंबूतली पुडी घेतो. ते लिहायचे थांबले. म्हणाले, "वाळला आहे का?" मी हो म्हणालो. "शौचाची सवय बदलली आहे का? कधी बंद, कधी सारखं?" मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "असेल मूळव्याधच. बहुतेक वेळा तीच असते. पण या वयात, असं वाळत असताना, तपासल्याशिवाय मूळव्याध म्हणायचं नाही. दुसरं काही असलं तर ते वेळेवर कळायला पाहिजे. घेऊन ये. पावसाळा लागायच्या आत घेऊन ये."

पावसाळा लागला की धानाचा रोवणा सुरू होईल, मग कोणताही शेतकरी हलत नाही. म्हणून तसं म्हणाले असतील.

तू आईला विचारून कळव. घाबरू नको. मी आणतो त्यांना. कसं ते माहीत नाही, पण आणतो.

तुझा
घनश्याम


तुमसर
२९ मे १९८१

चंद्रा,

तुझ्या आईने कळवलेलं वाचलं. कधी बंद, कधी सारखं, अन् पुडी घेतली की फार सारखं. अन्नावर वासना नाही. लोकांना सांगतात उपास आहे. मला काल राहवलं नाही. सायकल काढली अन् तुमच्या गावी गेलो.

घरी गेलो नाही. खळ्यावर गेलो. ते एकटे होते, कुंपणाच्या काट्या नीट करत होते, वाकून नव्हे, उभ्याने, लांब काठीने. मला पाहिलं अन् तीच काठी उचलली.

"कायले आला?"

"माफी मागाले आलो, मामाजी. गावापुढं मागतो. पंगतीत बसतो, ताट पुरं करतो. तुम्ही म्हणान तिथी."

मला वाटलं विरघळतील. ते पांढरेफटक पडले.

"काही गरज नाही. जाय तू."

"तुमची शपथ आहे ना?"

"आहे तर आहे. माही मी पाहून घेईन."

"तुम्ही म्हटलं होतं, पोट्ट्याने माफी मागली की मी पाटावर बसीन. मी मागतो, मग..."

"मंग मले बसा लागन ना बे!" ते ओरडले. ओरडले अन् आपणच घाबरून इकडेतिकडे पाहिलं. खळ्यावर कोणी नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाले, "साऱ्या गावापुढं बसा लागन. पाटावर. मांडी घालून. तुले समजते काय त्याचा अर्थ?"

"मले नाही समजन तर कोणाले समजन, मामाजी?"

त्यांनी काठी खाली घेतली. बाजारातलं दावं आम्हा दोघांनाही आठवलं असावं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पायजमा, दुपट्टा, बोटाचं रक्त, सगळं. त्यांच्या अंगणात मी का उठलो ते त्यांना त्या घडीला पहिल्यांदा कळलं. ते काठी टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तवा काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही सांगतलं काय कोणाले?"

यावर त्यांना हसू येईल असं वाटलं. आलं नाही. डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, लहान पोरासारखं, "बोट घालते काय तो?"

"घालते. अन् मी मेलो नाही."

"तू जवान आहे. मी म्हातारा माणूस, गावात मान आहे. तिथी कोणी ओळखीचा दिसला तर? गावात म्हणतीन, गोमाजीची शपथ गेली ढुंगणात." ते स्वतःच बोलले अन् स्वतःच लाजले. "बंद कर हे. माह्यापाशी पुडी आहे. अन् आईकून घे, माह्या शपथेच्या वाटेले जाशीन तर तंगडं तोडीन. तू माफी मागूच नोको. जलमभर मागू नोको."

म्हणजे बघ कसा गुंता आहे. मी माफी मागितली तर त्यांना बसावं लागतं, अन् बसता येत नाही. नाही मागितली तर शपथ चालू राहते, उभ्याने जेवणं चालू राहतं, गाव टाळ्या वाजवतं, अन् आत काय आहे ते आतच वाढतं. असलं तर. मी सायकल ढकलत परत आलो. गाव मागे पडेपर्यंत बसलो नाही, कारण तुझे बाबा काठी घेऊन पाहत होते, अन् ते पाहत असताना सीटवर बसणं मला बरं वाटलं नाही.

मी आता सीटवर बसू शकतो, हे तुला लिहायचं राहिलं. अजून जपून, पण बसतो. सकाळची काच गेली आहे. रक्त या महिन्यात दिसलं नाही. ताराचंद म्हणतो, आता घमेलं सोड. नाही सोडणार. डॉक्टरांनी माझं तोंड ओळखलं होतं, ते खोटं ठरवणार.

आधीचा घनश्याम असता तर तुझ्या बाबांना खांद्यावर टाकून नेलं असतं, अन् दोघांचंही हसं झालं असतं. आता विचार करतो आहे. तूही कर.

तुझा
घनश्याम


तुमसर
११ जून १९८१

चंद्रा,

'बाबांचं नाव घेऊ नकोस, बाकी तुला वाटेल ते कर', हे तुझं पत्र काल मिळालं. मी जे ठरवलं होतं ते हेच. तुझं माझं डोकं सारखं चालतं, मग तुझे मामा-मामी तुला दुसऱ्या स्थळांना दाखवून काय करणार आहेत?

आज सुखराम पाटलाकडे नातवाचं बारसं आहे. साऱ्या गावाला जेवण आहे, मलाही सांगावा धाडायला लावला आहे. कसा, ते विचारू नको. त्यासाठी ताराचंदने आमच्या मिलमध्ये आलेल्या पाटलाच्या धानाला बॉयलरवर सगळ्यांच्या आधी नंबर दिला. तुझे बाबा येणार, खांबाशी उभ्याने जेवणार, लोक त्यांना पाहणार. मी पंगतीत बसणार. मांडी घालून. काल याच खोलीत पाट टाकून बसून पाहिलं. ताराचंद सावकाश जेवला, भात पुन्हा घेतला, पान जमवलं, तोवर मी हललो नाही.

ताट पुसून खाईन. थोरल्या माणसाने हात धुतल्याशिवाय उठणार नाही. मग माफी मागायच्या आधी उभा राहून सांगेन, मी त्या दिवशी का उठलो. जसं तुला लिहिलं तसं. चीर, मोड, रक्त, पांढरा पायजमा. कुजबुजत नाही, मोठ्याने सांगेन. हसतील. हसू दे. भंडाऱ्याच्या रांगेत सगळे हसले तेव्हा दोघं हसले नव्हते, ते मी विसरलो नाही. या पंगतीतही हसणार नाहीत असे किती निघतील ते मला पाहायचं आहे. मी ज्या दुखण्याला भिऊन तुझ्यापासून पळालो, ते घराघरात आहे अन् प्रत्येक जण त्याला दुसरं नाव देऊन उभा आहे.

मग मी तुझ्या बाबांपुढे जाईन. माफी मागेन. अन् ते घाबरायच्या आत, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणेन, "मामाजी, तुमची शपथ पुरी झाली. पण माही एक अट आहे. पाटावर आज बसू नका. तुमचा जवाई होईन तवा माह्या पंगतीत बसा. उद्या मले दवाखान्यात दाखवाले जायचं आहे, माह्यासंगं चला. मले एकट्याले भेव लागते."

हे खोटं नाही. मला खरंच पुन्हा दाखवायला बोलावलं आहे, अन् मला भीतीही वाटते, माझी नाही. मिलची गाडी उद्या सकाळी तांदूळ घेऊन भंडाऱ्याला जाते. मागे दांडी धरून उभं राहता येतं. मालकाला विचारून ठेवलं आहे. मी त्यांच्या शेजारी उभा राहीन, बसमध्ये तुझ्या शेजारी राहायचो तसा.

पडद्यामागे गेल्यावर डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत नाही. मूळव्याधच निघो. नाही निघाली, तरी उद्याच कळलेलं बरं. तंबूतल्या पुडीने पोळ्यापर्यंत झाकून ठेवलेलं नको. ते नाही म्हणाले तर उद्या पुन्हा जाईन. परवा पुन्हा. काठी मारली तर खाईन. पण रोवण्याच्या आत त्यांना त्या दारात नेणार, हे नक्की. तू तिथे एकोडीत रडत बसू नको. तुझ्या आईला मीच सांगतो, एक धोतर जास्तीचं बांधून ठेवा.

हे पत्र बघ, अक्षर सरळ आहे. ताराचंदच्या टेबलाशी, ताराचंदच्या खुर्चीवर बसून लिहिलं. पूर्ण पत्र. मध्ये एकदाही उठलो नाही.

पांढराच पायजमा घातला आहे, आईने शिवलेला तोच. धुऊन डाग गेला. दुपट्टा खांद्यावर आहे, कमरेला बांधणार नाही. पाकीट वाटेत पोस्टात टाकतो. तुला मिळेल तोवर झालेलं असेल.

आता उठतो. बाहेर पडतो अन् दार ओढून घेतो.

तुझा
घनश्याम